मागील नोकरी सोडण्याचे कारण

सोमवार, ११ फेब्रुवारी १९८५. सकाळचे सव्वासात वाजले होते आणि मी टाचणी घेऊन सात नंबरच्या मशीनची अक्षरं कोरत बसले होते. टाइपरायटरची पोट असलेली अक्षरं, म्हणजे इंग्रजी ‘ए’, ‘ई’, ‘ओ’, शाईने आणि फितीच्या बारीक धाग्यांनी बुजतात. मग कागदावर त्यांच्या जागी काळे ठिपके उमटतात. असा अर्ज साहेबाच्या हातात पडला की तो मजकुराआधी ठिपके पाहतो. म्हणून दर सोमवारी पहिली बॅच यायच्या आत टाचणी, ब्रश आणि स्पिरिट. हे काम मी कधी मुलींवर सोपवलं नाही.

तेवढ्यात सुनंदा तांबे आत आली. साडेसातच्या बॅचची ही मुलगी एरवी कधी वेळेआधी यायची नाही. तिच्यामागे एक उंच, सडपातळ गृहस्थ दारातच चपला काढून उभे राहिले.

“बाई, बाबांना कॉल आलाय,” असं म्हणून सुनंदाने लिफाफा माझ्या हातात दिला.

“पुढल्या बुधवारी!” गृहस्थ म्हणाले. म्हणाले म्हणजे ओरडले. माझ्या हातातली टाचणी मशीनमध्ये पडली.

“बाबा, हळू ना!”

“हळूच बोललो गो,” ते तेवढ्याच आवाजात म्हणाले.

हे शांताराम तांबे. वय बेचाळीस. लालबागच्या एका गिरणीत बावीस वर्षं साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणतात त्या खात्यात. संपाला तीन वर्षं होऊन गेली होती. तेवढ्या काळात त्यांनी भाजी विकली होती, मंडपवाल्याकडे बांबू बांधले होते, गावी जाऊन भावाच्या शेतात एक हंगाम काढला होता. घर सुनंदाची आई खाणावळीच्या पोळ्या लाटून चालवत होती. लिफाफ्यातलं बोलावणं परळच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयातून आलं होतं. चादरी, पडदे, रुग्णांचे कपडे ठेवायच्या भांडारात मदतनीसाची एक जागा होती. पक्की नोकरी म्हणावी असं तीन वर्षांतलं हे पहिलंच बोलावणं.

ती टाचणी काढायला मला अर्धा तास लागला.

आमचा टायपिंगचा क्लास चिंचपोकळी स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, एका चाळीच्या तळमजल्यावर होता. दोन खोल्या, नऊ मशीनं. आम्ही राहायचो ठाकूरद्वारला. वडील, म्हणजे अण्णा, फोर्टातल्या एका जहाज कंपनीत हेडक्लार्क होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा क्लास काढला आणि मी बी.ए. झाल्यावर दुसऱ्या दिवशीपासून तिथे बसू लागले. तेव्हापासून मी सगळ्यांची ‘बाई’. वय तेव्हा एकवीस.

संपाआधी आमच्याकडे यायच्या त्या बहुतेक मॅट्रिक झालेल्या मुली. संप सुरू झाल्यावर कामगारांच्या बायका आल्या, थोरली मुलं आली, आणि नुसतं टायपिंग येऊन भागेना. मिनिटाला चाळीस शब्द मारणारी मुलगी साहेबासमोर बसली की तिला स्वतःचं नाव आठवायची नाही. म्हणून आम्ही शनिवारी दुपारी इंटरव्यूची तालीम सुरू केली. दोन मशीनं खाली उतरवायची, टेबल मोकळं करायचं आणि पलीकडे अण्णा बसायचे, कोट घालून. नोकरीतली तीस वर्षं त्यांनी टेबलाच्या पलीकडे बसलेल्यांना चहा पाठवण्यात आणि अर्ज पुढे सरकवण्यात घालवली होती. साहेब कसा खोकतो, कागद उलटताना कुठे थांबतो, कोणता प्रश्न मुद्दाम खाली बघून विचारतो, हे सगळं त्यांना पाठ होतं. शनिवारी दुपारी दोन तास ते साहेब व्हायचे. बाकी आठवडा मी त्यांना फिती आणायला पाठवायची.

शिकवायच्या गोष्टी साध्या होत्या. बसा म्हटल्याशिवाय बसायचं नाही. पिशवी मांडीवर, टेबलावर नाही. मूळ कागद वेगळे, नकला वेगळ्या. विचारलं तेवढंच सांगायचं, पण ‘हो-नाही’वर थांबायचं नाही. येत नसेल तर येत नाही म्हणायचं. यातलं शेवटचं शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागायचा.

ग्राहकही एकेक होते. गिरगावातला एक मुलगा काकांचा टाय लावून यायचा आणि प्रत्येक उत्तर “बाबांचं म्हणणं असं आहे की” असं सुरू करायचा. अण्णा एकदा वैतागून म्हणाले, “मग बाबांनाच पाठव, त्यांना घेतो.” वरळीच्या कोळीवाड्यातली हेमा फार हुशार. तिला मी आवाज खाली ठेवायला शिकवून शिकवून थकले. फोर्टातल्या साहेबाने तिला विचारलं, सकाळी नऊला वेळेवर याल का? ती म्हणाली, “साहेब, आमच्याकडे नऊ म्हणजे दुपार. मी साडेतीनला आईबरोबर धक्क्यावर असते.” हे मी शिकवलेलं नव्हतं. नोकरी त्याच वाक्यावर मिळाली असं तिने मला पेढे देताना ऐकवलं. वर विचारलं, “बाई, तुमचा पहिला इंटरव्यू कसा झाला होता?” मी तिला तिचा कागद सरळ लावायला सांगितलं. मी आयुष्यात एकही इंटरव्यू दिलेला नव्हता. वडिलांच्या क्लासात बसायला कोण इंटरव्यू घेणार?

तांब्यांचा अर्ज महिन्यापूर्वी मीच टाइप केला होता, आणि त्यात मी काय केलं होतं ते आत्ताच सांगून टाकते.

अर्ज इंग्रजीत होता. माहिती सुनंदाने एका कागदावर मराठीत आणली होती. नाव, वय, शिक्षण सातवी, अनुभव बावीस वर्षं. शेवटचा रकाना होता ‘मागील नोकरी सोडण्याचे कारण’. त्यापुढे काही नव्हतं.

“हा राहिला,” मी म्हटलं.

“बाबा म्हणाले, रिकामा ठेवा.”

अण्णांचा एक नियम होता. रिकाम्या रकान्यात साहेब स्वतःच्या मनाने चोरी, दारू नाहीतर मारामारी भरतो. म्हणून रकाना कधी रिकामा सोडायचा नाही. मी दोन शब्द टाइप केले, ‘लेफ्ट सर्व्हिस’. नोकरी सोडली. बुटकं, निरुपद्रवी उत्तर. तांब्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. बाईंनी टाइप केलंय म्हणजे बरोबर असणार, असं म्हणून त्यांनी खाली मराठीत सुबक सही केली. मी ते सुनंदाला सांगितलं नाही, तांब्यांनाही नाही. विसरले म्हणून नाही. सांगितलं तर वाद होईल आणि टपाल चुकेल म्हणून.

शनिवारी तालमीला तांबे आले. मी त्यांना आधी हिंदमाताला जाऊन एक पांढरा तयार शर्ट घ्या म्हणून सांगितलं होतं. ते जुन्याच शर्टात आले.

“शर्ट?”

“सहा दुकानं फिरलो. कापडात जीव नाय बाई. उजेडात धरलं की पलीकडचा माणूस दिसतो. असलं कापड आमच्या साच्यावर निघालं असतं तर जॉबरने, आमच्या मुकादमाने, तोंडावर मारलं असतं.” अंगातला शर्ट चिमटीत धरून ते म्हणाले, “ह्ये बघा. अकरा वर्षं झाली. स्वतः विणलेलं.”

शर्ट खरोखरच चांगला होता. मी कॉलर उलटून घ्यायला सांगितली आणि विषय मिटवला.

अण्णांनी घसा खाकरला, तोंडावर हात धरला आणि खाली कागदात बघत पहिला प्रश्न विचारला. तांबे शांत बसून राहिले. अण्णांनी पुन्हा विचारलं. तांबे त्यांच्याकडे एकटक बघत राहिले. मला वाटलं घाबरले. तिसऱ्यांदा अण्णांनी चिडून मान वर केली, हात खाली घेतला, आणि तांबे ताबडतोब म्हणाले, “बावीस वर्षं, साहेब!” चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर ऐकू गेलं असेल.

सुनंदाने मला बाजूला घेतलं. “बाई, त्यांना ऐकायला कमी येतं. ओठ बघून समजतात. साचेखात्यातल्या सगळ्यांचंच तसं आहे.”

मग तांब्यांनीच समजावून सांगितलं. शेकडो माग एकदम धडधडत असताना शेजारचा कानात ओरडला तरी ऐकू येत नाही. त्यामुळे खात्यात सगळे ओठांवर नाहीतर हातांवर बोलतात. मनगटावर दोन बोटं म्हणजे किती वाजले. हनुवटीशी चिमूट म्हणजे तंबाखू दे. कपाळावर आडवा हात म्हणजे साहेब येतोय. “बावीस वर्षांत मी खात्यात तोंडाने धा वाक्यं बोललो नसेन,” ते म्हणाले. गिरणीत शिरतानाही त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. चुलत्याने जॉबरपुढे उभं केलं, जॉबरने तुटलेला धागा जोडायला दिला, त्यांनी जोडला. झाला इंटरव्यू.

ऐकू येत नाही हे कळलं तर नोकरी गेली, हे आम्हा चौघांनाही दिसत होतं. मी रडत बसणारी बाई नाही, म्हणून आम्ही बुधवारपर्यंत रोज तालीम घ्यायचं ठरवून कामाला लागलो. खोलीत शिरल्यावर आधी खिडकी कुठे आहे ते बघायचं. खुर्ची विचारून जराशी सरकवायची, साहेबाच्या तोंडावर उजेड पडेल अशी. अण्णा मुद्दाम कुजबुजत, पुटपुटत, पान खाल्ल्यासारखं बोलत होते. तिसऱ्या दिवशी अण्णा आवाज न काढता पेपर वाचू लागले आणि तांबे त्यांच्या ओठांवरून बातम्या सांगू लागले. आवाज चढला की मी टेबलाखालून त्यांच्या पायाला स्केल लावायची. सुनंदा म्हणाली, घरीसुद्धा हळू बोलायला लागलेत, आई घाबरली, विचारते ताप आलाय काय.

मग अण्णांनी तो प्रश्न विचारला. “मागची नोकरी का सोडलीत?”

“सोडली नाय.”

“म्हणजे?”

“कामगार संपावर असतो म्हणजे नोकरीतच असतो, साहेब. संप मागं घेतला असं कोणी जाहीर केलंय का? माझ्या कानावर तरी नाय आलं.”

“तुमच्या कानावर काय येतं ते ठाऊक आहे आम्हाला,” अण्णा म्हणाले, आणि तांबे पहिल्यांदा मोठ्याने हसले. मग गंभीर झाले. “बाई, गिरणी परत सुरू झाली तेव्हा आत घ्यायला लिहून मागत होते, की आमची चूक झाली. माझ्या खात्यातल्या काहींनी दिलं. त्यांना मी काय बोलत नाय, पोरंबाळं आहेत. मी नाय दिलं. मग आता इथं कसं लिहू, मीच सोडली म्हणून?”

तेव्हाच सांगायला हवं होतं. समोर खुर्ची होती, वेळ होता, अर्जाची कार्बन कॉपी माझ्या कपाटात होती. मी म्हटलं, “विचारलं तर एवढंच सांगा, गिरणीने परत घेतलं नाही.”

“ते सांगेन. ते खरं हाय.”

मला वाटलं, भागलं. तोंडी उत्तर आणि कागदावरचे दोन शब्द, एवढं शेजारीशेजारी ठेवून कोण बघतंय.

बुधवारी दुपारी एकच्या सुमारास तांबे एकटेच क्लासात आले. मुली नव्हत्या. अण्णा डबा उघडून बसले होते. तांबे खुर्चीत बसले, पिशवी मांडीवर ठेवली, अगदी शिकवल्यासारखी, आणि खालच्या आवाजात बोलू लागले.

“खिडकी बरोबर सापडली, बाई. खुर्ची सरकवली. पण साहेबाला मिशा. अशा.” त्यांनी दोन्ही हात तोंडाभोवती पसरले. “ओठ दिसतच नायत. उजेड काय करणार?”

अण्णांनी आपल्या तुळतुळीत ओठांवरून हात फिरवला. एवढी तयारी केली आणि मिशी कोणाच्याच डोक्यात आली नव्हती.

“मग?”

“दोनदा गप्प बसलो. तिसऱ्यांदा सांगून टाकलं. साहेब, मला ओठ बघून समजतं, आणि तुमच्या मिशीतून काय दिसत नाय.”

“अरे देवा. हसले?”

“नाय. पण मोठ्याने बोलायला लागले. कापडाचं विचारलं, चादरी किती धुण्यांनी विरतात, कुठून विरतात. ते सगळं झ्याक झालं. मग त्यांनी अर्ज घेतला. म्हणाले, तुम्ही नोकरी सोडली असं लिहिलंय, का सोडली?”

डब्यातला घास अण्णांच्या हातातच राहिला.

“मी म्हटलं, नाय सोडली. ते म्हणाले, खाली सही कोणाची? मी म्हटलं, सही माझी. वरचं माझं नाय. मग कोणाचं? मी गप्प. ते म्हणाले, भांडाराच्या किल्ल्या द्यायच्या आहेत. न वाचता सही करणारा नको आणि खोटं लिहिणारा तर नकोच. कोणी लिहिलं ते सांगा, पुढचं बघू. नायतर अर्ज बाद.”

“आणि तुम्ही?”

“नाव नाय सांगितलं.” हे त्यांनी मला धीर दिल्यासारखं म्हटलं. “तुम्ही काळजी करू नका, बाई. तुमचं नाव कुठं आलं नाय.”

गिरणीत ही शिस्तच होती. धागा कोणी तोडला, मशीन कोणी बंद पाडलं, घोषणा कोणी दिली, साहेबाने कितीही विचारलं तरी शेजारच्याचं नाव घ्यायचं नाही. स्वतःच्या हातात चार्जशीट आली तरी. बावीस वर्षं पाळलेली शिस्त या माणसाने माझ्यासाठी पाळली होती, आणि ज्या नोकरीसाठी मी त्याच्या पायाला स्केल मारत होते ती तिथे टेबलावर सोडून आला होता. माझ्यावर ओरडायला हवं होतं त्याने. ओरडता त्याला छान यायचं.

“तांबे, ते मी लिहिलं होतं,” मी म्हटलं.

“तुम्हीच टाइप करता ना सगळं,” ते म्हणाले. “दुसरं कोण लिहिणार?” आणि चपला घालून गेले.

अण्णांनी डबा बंद केला. “रिकाम्या रकान्याचा नियम माझा,” ते म्हणाले.

“बोटं माझी,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडेसातची बॅच अण्णांवर सोडली, कार्बन कॉपी पिशवीत घातली आणि परळला चालत गेले. अधीक्षकांच्या खोलीबाहेर शिपायाने विचारलं, काय काम? मी म्हटलं, इंटरव्यू. त्याने आत सोडलं.

मिशा खरोखरच तशा होत्या. ते ‘बसा’ म्हणायच्या आत मी बसले. पिशवी टेबलावर ठेवली. त्यांनी काही विचारण्याआधी बोलायला सुरुवात केली. शनिवारी अण्णांनी मला पाचव्या मिनिटाला बाहेर काढलं असतं.

“काल शांताराम तांबे आले होते. त्यांच्या अर्जात ‘लेफ्ट सर्व्हिस’ लिहिलंय ते मी लिहिलं. त्यांनी रकाना रिकामा ठेवायला सांगितला होता. मी त्यांना न विचारता भरला.”

“तुम्ही कोण?”

“माझा टायपिंगचा क्लास आहे. लोकांना इंटरव्यू द्यायला शिकवते.”

त्यांनी माझ्याकडे, मग टेबलावरच्या पिशवीकडे पाहिलं. मी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

“याआधी नोकरी कुठे केलीत?”

“कुठेच नाही.”

“इंटरव्यू?”

“हा पहिला.”

मिशीखाली काहीतरी हललं. काय ते तांब्यांना दिसलं नसतं, मलाही दिसलं नाही. “त्यांनी तुमचं नाव का सांगितलं नाही?”

“गिरणीत साहेबापुढे कोणी कोणाचं नाव घेत नाही.”

“मग तुम्ही का सांगताय?”

“मी गिरणीत नव्हते.”

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “त्यांना ऐकू येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“हो. भांडारात चादरी असतात, साहेब. त्या बोलत नाहीत.”

त्यांनी खणातून तांब्यांचा अर्ज काढला. म्हणजे बाद करून टोपलीत टाकलेला नव्हता. तो माझ्यापुढे ठेवला आणि वर स्वतःचं पेन ठेवलं. “चूक तुमची, दुरुस्ती तुम्ही करा. आणि खाली सही.”

क्लासात कागदावर पेनाने खाडाखोड केली तर मी अख्खा कागद पुन्हा टाइप करायला लावत असे. इथे मी ते दोन शब्द एका रेघेने खोडले. त्यापुढे काय लिहायचं याचा फार विचार केला नाही, ते तांब्यांनी तालमीतच सांगितलं होतं. ‘संपावर आहे.’ मराठीत लिहिलं. खाली सही, तारीख.

साहेबांनी ते वाचलं. “मागील नोकरी सोडण्याचे कारण,” ते मोठ्याने म्हणाले, “संपावर आहे.” मग अर्ज एका फायलीत घातला आणि फायलीवर काहीतरी लिहिलं. “सोमवारी नऊला पाठवा त्यांना. किल्ल्या मोजून घ्यायला सांगा. आणि सांगा, मिशी काही मी काढणार नाही.”

मी उठले, आभार मानायला विसरले, दारातून परत येऊन मानले.

क्लासात पोचले तेव्हा बॅच संपली तरी सुनंदा सात नंबरवरच होती, डोळे सुजलेले, बोटं मात्र बरोबर जागेवर. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, “सोमवारी नऊला. बाबांना सांग.”

ती ताडकन उठली.

“आधी ओळ पूर्ण कर,” मी म्हटलं.

तिने ऐकलं नाही. चपला हातात घेऊनच पळाली. मी तिच्या मशीनमधला अर्धा कागद काढला, फीत नीट केली आणि पुढच्या मुलीला बसवलं. तिची वेळ झाली होती.